कमेन्स आण्णा

आण्णांच्या मागच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण भाडेकरू होण्याआधी एक दिवस मी त्यांची पावणी होते. हा फरक त्यांनीच केला होता, आणि त्यांच्या लेखी तो फार मोठा होता.

मे महिन्याची शेवटची दुपार. जयसिंगपूरहून एसटीनं आले होते. एक सुटकेस आणि पुस्तकं भरलेलं एक पोतं. रंकाळ्याच्या मागच्या अंगाला त्यांचं बैठं घर, पुढं अंगण, मागं भाड्यानं द्यायची एक खोली. करारावर आठवड्यापूर्वीच सह्या झाल्या होत्या. आण्णा फाटकात उभे होते. उंच, काटकुळे, एवढ्या उन्हातसुद्धा इस्त्रीचा पांढरा शर्ट पँटीत खोचलेला.

"करार एक तारखेला कमेन्स होतो," ते म्हणाले. "आज एकतीस."

मला आधी चेष्टाच वाटली. त्यांचा चेहरा बघून ती नाही हे कळलं.

"मग मी आता कुठं जाऊ?"

"जाणार कुठं? आज पावणी म्हणून राहायचं. भाडेकरू उद्या सकाळी."

आतून एक बाई ओरडली, "आवो, पोरगी उन्हात उभी हाय. तुमचं ते कमेन्स बसू दे फाटकात. तिला आत घ्या."

त्या आक्का, त्यांच्या पत्नी. त्यांनी मला आत नेलं, माठातलं पाणी दिलं आणि पाणी पिऊन व्हायच्या आत विचारलं, "नवरा मारतो?"

मी हो म्हटलं. असं सरळ कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सरळ उत्तर दिलं गेलं.

"बरं. हात धू. भाकरी घे."

मागची खोली झाडून पुसून तयार होती. किल्ली आण्णांच्या खिशात होती. तरी त्यांनी माझं पोतंसुद्धा तिथं ठेवू दिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या पलंगावर माझं अंथरूण घातलं गेलं आणि ते बाहेर सोप्यात सतरंजी टाकून झोपले. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "नाऊ इट हॅज कमेन्स्ड," म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

कमेन्स म्हणजे सुरू होणं. इंग्रजीत सुरू होण्याला साधे शब्दही आहेत, पण हा कोट घातलेला शब्द. आण्णांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत कामांच्या नोटिसा लिहिण्यात गेली. रस्ता, बंधारा, शाळेची भिंत, काहीही असो, कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी पुरं होणार, हे इंग्रजीत लिहायचं काम त्यांचं. निवृत्त झाले तरी शब्द सुटला नाही. गल्लीत त्यांचं नाव कमेन्स आण्णाच पडलं होतं. गल्लीतल्या टीमचा फुटबॉलचा सामना असला की पोरं जाता जाता विचारत, "आण्णा, मॅच कमेन्स झाली का?" त्यात चेष्टा असे. आण्णा मात्र थांबून उत्तर देत. "रेफ्रीनं शिट्टी मारली काय? मारली असंल तर झाली."

कोणी लग्नपत्रिका छापायला काढली की तिच्या इंग्रजी बाजूचा मजकूर आधी आण्णांकडे यायचा. काही घरांतून तो मुद्दाम लपवून छापला जायचा. कारण आण्णा त्यात हमखास चूक काढत, आणि चूक काढली की छापखान्यापर्यंत स्वतः सायकलवरून जात.

एवढं इंग्रजी त्यांना कुठून आलं असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "इंग्रजी कुठं येतंय मला?"

मग सांगितलं. कोडोलीच्या शाळेत शिकलेला मुलगा, घरची शेती, इंग्रजीशी संबंध परीक्षेपुरता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी नोटिशीत 'कमेन्स फ्रॉम' लिहिलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, कागद वर धरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे हसले. चूक काय होती हे मात्र कुणीच सांगितलं नाही. ते शोधायला त्यांना पुष्कळ दिवस लागले. भेटेल त्याला विचारत राहिले, शाळामास्तरांना, वकिलांना, एकदा तर पन्हाळ्यावर फिरायला आलेल्या एका गोऱ्या बाईला.

"बाकीचं इंग्रजी मला येत न्हाय," ते म्हणाले. "हा एक शब्द येतो. पण हा पुरता येतो. माणसाला एक तरी काय तरी पुरतं यावं."

मला त्या वेळी पुरतं असं काहीच येत नव्हतं. मराठीतून शिकलेली मी एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवायला लागले होते, कारण मिळाली ती नोकरी तीच होती. मुलांचं चालून जायचं. ती माझ्याशी मराठीतच भांडत. पालकांना सूचना लिहायची वेळ आली की मी चार चार कागद फाडी. चाचणीची सूचना मी अशी लिहिली की मुख्याध्यापिकाबाईंनी ती परत पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, 'कृपया कुणाकडून तरी तपासून घ्या.'

ती सूचना घेऊन मी अंगणात बसले होते. आण्णांनी हात पुढं केला. वाचली. चष्मा काढून पुसला.

"कमेन्स फ्रॉम लिहिलासा," म्हणाले. "सगळे हीच चूक करत्यात. मीबी केलती."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर अंगणातल्या दगडी बाकावर माझी शिकवणी सुरू झाली. शिकवणी म्हणजे एकाच शब्दाची वाक्यं. मी करायची, त्यांनी ऐकायची.

"द एक्झाम विल कमेन्स फ्रॉम मंडे."

"फ्रॉम कशाला? सोमवारपासनं हे मराठीत. इंग्रजीत ऑन मंडे. सोमवारी सुरू होतं, मग चालू राहतं. ते चालू राहणं शब्दाच्या पोटात हाय. परत सांगाय नगं."

"दे कमेन्स्ड टू वर्क."

"टू नगं. दे कमेन्स्ड वर्क. न्हायतर दे कमेन्स्ड वर्किंग. ह्याला पुढं टू सोसत न्हाय."

ते कुठला शब्द काय सोसतो असं बोलत, जणू त्याची प्रकृती नाजूक आहे. नियम संपले की मग त्यांचा खरा विषय सुरू व्हायचा. व्याकरणात बसलं तरी हा शब्द कुठं वापरायचा आणि कुठं नाही. सभा कमेन्स होते. परीक्षा, खटला, काम, गळीत हंगाम, हे सगळं होतं. पाऊस होत नाही. भूक होत नाही. "ज्याला कुणी सुरू करणारा मालक हाय, त्यालाच ह्यो शब्द. पावसाला कोण मालक?"

आक्का आतून विचारत, "जेवाण कमेन्स करू काय?"

"जेवाणाला न्हाय. जेवायला नुसतं बसायचं."

"मग बसा की. निवतंय."

एकदा मी वाक्य केलं, माझं नवं आयुष्य सोमवारी कमेन्स होईल. त्या सोमवारी मी नोकरीत कायम होणार होते म्हणून सुचलं असेल. आण्णांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाले, "व्याकरणात बरोबर हाय. पण आयुष्याला न्हाय वापरायचा. आयुष्य असं तारीख लावून सुरू हुईत न्हाय. तुमचं तर कवाच सुरू झालंय. एसटीत बसलासा तवाच."

मला रडू आलं. आण्णांना रडणाऱ्या माणसासमोर काय करायचं ते कळत नसे. ते उठले, पुन्हा बसले. सदऱ्याची बाही सारखी केली. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "शी कमेन्स्ड क्राइंग. असंबी कुणी लिहू नये. चूक न्हाय, पण बरं दिसत न्हाय."

मी रडता रडता हसले. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आक्कांना हाक मारली.

दिवाळीच्या आधी जयसिंगपूरहून गाडी आली. माझा नवरा, थोरले दीर आणि नवऱ्याचे मामा. मी शाळेतून येत होते आणि ते अंगणात आधीच बसलेले होते. आक्कांनी रीतीप्रमाणे पाणी दिलं होतं. आण्णा बाकाच्या टोकाला ताठ बसले होते.

मामा म्हणाले, "आवराआवर कर. दिवाळी घरात करायची. लोकं काय म्हणत्यात म्हाईत हाय न्हवं?"

मी उभीच होते.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "जायचं हाय?"

"तिला काय इचारताय पावणं?" दीर म्हणाले. "आमची सून हाय ती."

"सून तुमची आसंल. मी तिलाच इचारणार." आणि पुन्हा मला, तितक्याच शांतपणे, "जायचं हाय काय?"

"न्हाय," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी न्हाय म्हटलेलं माझ्या नवऱ्यानं ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं.

नवरा उठला. माझ्या दंडाला धरायला पुढं आला. तेव्हा आण्णाही उठले आणि मध्ये उभे राहिले. हात वर केला नाही, काही नाही. नुसतं मोठ्या, खणखणीत आवाजात इंग्रजी बोलायला लागले. "द कॉन्ट्रॅक्टर हॅविंग कमेन्स्ड द वर्क, नो पर्सन शॅल एंटर अपॉन द साइट ऑर कॉज एनी ऑब्स्ट्रक्शन." असं एक वाक्य संपलं की दुसरं. पेनल्टी, पंचनामा, पोलीस असे ओळखीचे आवाज त्यात मधेमधे येत होते. शेजारच्या घरांची दारं उघडली. तालमीकडून येणारी पोरं फाटकाशी थांबली. त्यांतला एक आत येऊन म्हणाला, "काय आण्णा, काय झालं?"

"काय न्हाय," आण्णा म्हणाले. "पावणं निघाल्यात."

मामांनी नवऱ्याला मागं ओढलं. "चल. इथं तमाशा नगं." गाडी गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर आण्णा बाकावर बसले. आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतलाच नाही. आक्कांनी तो स्वतःच त्यांच्या तोंडाला लावला.

"एवढं इंग्रजी कुठनं आलं?" त्यांनी विचारलं.

"बंधाऱ्याच्या नोटिशीतलं," आण्णा म्हणाले. "तिसऱ्या पानावरचं."

मग आक्का हसल्या, मी हसले. आण्णा हसले नाहीत. त्यांना भीती वाटली होती आणि ती लपवायला त्यांच्याकडे शब्द उरले नव्हते. पुढं रीतसर फारकत झाली. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला आण्णा माझ्यासोबत आले. आत मात्र आले नाहीत. नुसते बाहेर बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसून राहत, म्हणजे मी बाहेर आले की कुणीतरी असावं.

आक्कांचं दुखणं आम्हाला उशिरा कळलं. त्या सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोटात दुखतंय म्हणाल्या तोवर ते पसरलं होतं. डॉक्टर तरुण होते, समजुतीनं बोलणारे. म्हणाले, "सोमवारी केमो सुरू करू."

"कमेन्समेंट सोमवारी," आण्णांनी मान हलवली. "आणि पुरं कधी?"

त्यांच्या नोटिशीत दोन तारखा असत. एक सुरू होण्याची, एक पुरं होण्याची. दुसऱ्या तारखेशिवाय पहिली लिहायचीच नाही, असा त्यांचा जन्माचा नेम.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तसं सांगता येणार नाही. बघत बघत जाऊ."

रिक्षात आण्णा आक्कांच्या पलीकडून मला म्हणाले, "तारीख न्हाय म्हणतोय." घर येईपर्यंत तेच म्हणत राहिले. आक्का बाहेर बघत होत्या.

दुसऱ्या फेरीनंतर आक्कांच्या पोटात पाणीसुद्धा राहीना. केस गेले, त्याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. डोक्याला पदर होताच. पण भाकरीचा वास सोसत नाही म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. आयुष्यभर तव्यापुढं बसलेली बाई. तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी आण्णांना जवळ बसवलं. मी पेज घेऊन दारात होते.

"उद्या मी जाणार न्हाय."

"असं अर्धवट सोडून चालत न्हाय," आण्णा म्हणाले. "एकदा सुरू केलेलं काम..."

"काम न्हवं ह्ये. मी हाय."

आण्णांनी शर्टाची बाही सारखी केली.

"सुरू तुम्ही केलासा," आक्का म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण रागाचा नव्हता. "मी न्हाय म्हटलं न्हाय. आता बास मी करणार."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. इतर वेळी ते असं बघत तेव्हा मी एखादं वाक्य करावं अशी त्यांची अपेक्षा असे. मी खाली बघितलं. पेजेच्या वाटीवर साय धरली होती.

त्याच दुपारी आण्णा दवाखान्यात गेले. मी सोबत होते. डॉक्टरांच्या टेबलासमोर उभं राहून ते म्हणाले, "ती नगं म्हणती. तिचंच खरं. आता दुखू नये म्हणून काय द्यायचं तेवढं सांगा." डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी दोनदा म्हणून घेतलं आणि पाठ करून घरी आले.

त्यानंतर आक्का थोडे दिवस होत्या, आणि ते दिवस वाईट नव्हते. सकाळच्या उन्हात अंगणात खाट टाकायची. गल्लीतल्या पोरांनी आपण होऊन समोर खेळणं बंद केलं होतं. आक्कांनी निरोप धाडला, "खेळा म्हणावं. आवाज आला की बरं वाटतंय." एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ह्यास्नी भाकरी येत न्हाय. शिकीव. करून घालू नगंस. शिकीव."

त्या गेल्याही अशाच एका सकाळी, चहाच्या वेळेला. आण्णा उशाशी होते. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत आणि आम्हीही आत गेलो नाही.

दिवसकार्य झाल्यावर पुण्याला असणारा त्यांचा मुलगा आण्णांना न्यायला आला होता. आण्णा गेले नाहीत. मी एकटी बाई, ते एकटे पुरुष, लोक बोलायला लागले. मी खोली सोडू का म्हणून विचारलं.

"लोकांनी नोटीस काढलीया काय?"

"नाही."

"मग बसा गप."

भाकरी मी शिकवली. पहिल्या भाकऱ्या तव्यावर पोचेपर्यंत मोडत. त्यांना रागही यायचा, की पिठाला नियम नाही, पाणी किती ते कुणी सांगत नाही. मी म्हणे, हाताला कळतं. ते म्हणत, माझ्या हाताला न्हाय कळत. मग कधीतरी कळायला लागलं. पण त्यांच्या तोंडून कमेन्स हा शब्द मी परत ऐकला नाही. एकदा सामन्याच्या दिवशी एका लहान पोरानं सवयीनं विचारलं, "आण्णा, मॅच कमेन्स झाली का?" मोठ्या पोरानं त्याच्या डोक्यात टपली मारली. आण्णा म्हणाले, "मारू नगंस त्याला. झाली असंल बाळा, जावा, बघा जावा."

मागच्या थंडीतली गोष्ट. आण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. मी आता मोठ्या वर्गांना इंग्रजी शिकवते. सकाळी दुधाला निघायच्या आधी ते माझ्या दाराशी आले. शर्ट इस्त्रीचा, हातात किटली.

"एक इचारायचं हुतं," म्हणाले. "पुण्याची नात फोनवर म्हणती, आजोबा आय मिस यू. ह्ये मिस कसं वापरायचं?"

मी सांगितलं.

"न्हाय, थांबा. एसटी चुकली, तर आय मिस्ड द बस. बरोबर?"

"बरोबर."

"आणि माणूस न्हाय म्हणून करमत न्हाय, तर तेबी मिसच?"

"तेही मिसच."

"एकच शब्द?" त्यांना ते पटलं नाही. किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एसटी दुसरी येती की."

ते दारातच उभे राहिले. ओठ हलत होते, म्हणजे आतल्या आत वाक्य जुळवत होते. मग विचारलं, "माणूस जाऊन लई वर्सं झाली, तर भूतकाळात करायचं? मिस्ड?"

"नाही आण्णा. अजून आठवण येत असेल तर वर्तमानकाळात. चालू काळात."

"चालू काळात."

"हो."

त्यांनी मान हलवली. उंबऱ्याकडं बघत राहिले.

"व्हय," म्हणाले. "चालूच हाय."

मग त्यांनी चप्पल घातली आणि दुधाला गेले.